जॉबकार्डवर जे मावत नाही

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय २७. एका सर्व्हिस सेंटरमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर आहे, म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून गाडी दुरुस्तीला घेणारा, त्याआधी ३ वर्षं मेकॅनिक होतो. लहानपणापासून गाड्यांचं वेड आहे. गाड्यांची मॅगझिनं मी मुखपृष्ठापासून शेवटच्या पानावरच्या बारीक आकड्यांपर्यंत वाचतो. आता मला तिथंच काम करायचंय, लिहिण्याचं. वर्षभरात ४ मॅगझिनांना बायोडाटा आणि एका गाडीचं परीक्षण पाठवलं. एकाचंही उत्तर आलं नाही. पत्रकारितेची पदवी नाही. ज्या गाड्यांबद्दल मॅगझिनं लिहितात, त्या मला चालवायला कोण देणार? माझ्यापुढे दिवसभर बेअरिंग गेलेल्या, क्लच घसरलेल्या गाड्या येतात. चढावर इंजिन ओरडतं, गाडी तिथल्या तिथंच राहते, आणि मालक येऊन सांगतो, 'पिकअप गेलाय.' मी जॉबकार्डवर, म्हणजे गाडीच्या तक्रारी नोंदवायच्या कागदावर, तेवढंच लिहितो. अशा कामातून मॅगझिनपर्यंत वाट निघते का? की नोकरी सोडून आधी कोर्स करू? परीक्षण सोबत जोडलंय. जे खरं असेल ते सांगा.

— एक वाचक

उत्तर

तुमचं परीक्षण मी दोनदा वाचलं आणि पत्र चारदा. परीक्षणात तुम्ही लिहिलंय: 'ही गाडी म्हणजे रस्त्यावरचा चित्ता. ॲक्सिलरेटर दाबताच ती झेप घेते आणि काळजाचा ठोका चुकतो. वळणावर ती रस्त्याला घट्ट चिकटून राहते. आतली सजावट डोळ्यांचं पारणं फेडते.' हे वाचून मला गाडी दिसली नाही आणि तुम्हीही दिसला नाहीत. पत्रातल्या एका ओळीत मात्र दोघंही दिसलात. चढावर इंजिन ओरडतं, गाडी तिथल्या तिथंच राहते, आणि मालक म्हणतो पिकअप गेला. यात आवाज आहे, चढ आहे, वैतागलेला माणूस आहे आणि बिघाडाचं अचूक निदानही आहे. संपादक हीच ओळ शोधत असतो. तुम्ही ती माझ्या पत्रात ठेवलीत आणि त्यांना चित्ता पाठवलात.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते. हो, वाट निघते. तुमच्या सर्व्हिस सेंटरमधूनच निघते.

चौघांनीही उत्तर दिलं नाही याचं वाईट वाटणारच, पण त्याचा चुकीचा अर्थ काढू नका. मी गाड्यांच्या मॅगझिनात १८ वर्षं काढली, शेवटची काही संपादकाच्या खुर्चीत. नोकरीसाठी येणारे बहुतेक अर्ज 'मला लहानपणापासून गाड्यांचं वेड आहे' इथूनच सुरू व्हायचे. वाक्य खरंच असायचं. पण आमच्या वाचकालाही तेच वेड असतं, म्हणून तर तो अंक विकत घेतो. त्यांच्यातला एखादा एकच गाडी १५ वर्षं सांभाळत असतो. कुठल्या वर्षीच्या मॉडेलमध्ये कुठला गिअरबॉक्स बदलला, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्याच्यापुढे आपलं वेड मांडून काय साधणार? जे त्याला दिसत नाही ते दाखवणारा माणूस मॅगझिनला हवा असतो. आणि इथं तुमची बाजू आमच्यापेक्षा भक्कम आहे. आम्ही नवी कोरी गाडी चार दिवस चालवतो, धुऊन परत देतो. तीच गाडी ८०,००० किलोमीटरनंतर कशी वाजते, तिचं स्टेअरिंग कुठं ढिलं पडतं, सांध्यातला कुठला रबरी बुश आधी जातो, हे आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. तुम्ही ते रोज हाताळता.

नुसता धीर द्यायला हे म्हणत नाही, अशी माणसं झाली आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये पीटर ईगन नावाचे मेकॅनिक परदेशी गाड्या दुरुस्त करायचे. त्यांनी 'सायकल वर्ल्ड' या मोटरसायकलच्या मॅगझिनला लेख पाठवला, तो छापून आला, आणि १९८० मध्ये ते त्याच मॅगझिनात नोकरीला लागले. पुढे 'रोड अँड ट्रॅक' या गाड्यांच्या मॅगझिनात त्यांनी कित्येक वर्षं स्तंभ लिहिला. वाचकांनी तो जपला, कारण हाताला ग्रीस लागलेला माणूस बोलतोय हे प्रत्येक परिच्छेदात कळायचं.

दुसरं उदाहरण माझं फार आवडतं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. १९५५ ची मिल्ले मिल्या शर्यत. इटलीतल्या सार्वजनिक रस्त्यांवरून सुमारे १,६०० किलोमीटर. मर्सिडीज ३०० एसएलआर चालवत होते ब्रिटिश शर्यतपटू स्टर्लिंग मॉस, आणि शेजारी बसले होते 'मोटर स्पोर्ट' मॅगझिनचे पत्रकार डेनिस जेनकिन्सन. शर्यतीआधी दोघांनी तो रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घातला होता. कुठलं वळण फसवं, कुठं उंचवटा, कुठं रेल्वे फाटक, सगळं जेनकिन्सननी टिपून घेतलं आणि सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर उतरवलं. शर्यतीत उघड्या गाडीत आवाज पोचत नव्हता, म्हणून ते गुंडाळी फिरवत हाताच्या खुणांनी मॉसना पुढचा रस्ता सांगत राहिले. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत ते जिंकले. नंतर जेनकिन्सननी मॅगझिनात लिहिलेला वृत्तांत गाड्यांवरच्या लेखनातला मानदंड मानला जातो. त्यात वेगाचं कौतुक आहेच, पण वाचक थांबतो तो त्या टिपणांच्या जोरावर आलेल्या तपशिलांपाशी. मॉसच्या शेजारी बसण्याची संधी तुम्हाआम्हाला मिळणार नाही, पण टिपणं काढण्यापासून कोणी अडवलेलं नाही. तुमची जॉबकार्डं म्हणजे तुमची गुंडाळीच समजा.

आजपासून एक वही घाला. डाव्या पानावर मालकाचे शब्द, जसे बोलले तसे. उजव्या पानावर गाडी उघडल्यावर काय सापडलं ते. 'वळताना टकटक वाजतं', आणि समोर: बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाला जोर पोचवणारा सांधा) झिजलेला, त्यावरचं रबरी बूट म्हणजे आवरण फाटून ग्रीस गेलेलं. 'वेग वाढला की विमानासारखी घुं घुं येते', आणि समोर: व्हील बेअरिंग; डावीकडे वळताना आवाज वाढतो, कारण तेव्हा वजन उजव्या चाकावर येतं, म्हणजे बहुधा उजवं बेअरिंग गेलंय. 'ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं', आणि समोर: डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. टायर दोन्ही कडांना झिजलाय तर हवा कमी ठेवली जातेय, मधेच झिजलाय तर जास्त भरली जातेय. तुम्हाला हे इतकं रोजचं झालंय की यात लिहिण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. वाचकासाठी मात्र हा त्याच्याच गाडीचा शब्दकोश आहे, आणि तो त्याला कोणी दिलेला नाही.

त्या क्लचचंच बघा. 'पिकअप गेला' एवढ्यावरून पानभर लेख उभा राहतो. क्लच प्लेटचं अस्तर झिजतं, प्रेशर प्लेटची पकड सैल होते, फ्लायव्हील, म्हणजे इंजिनला जोडलेली जड चकती, फिरतं पण सगळा जोर गिअरबॉक्सपर्यंत पोचत नाही. हे आधी जाणवतं ते वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर: आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा उडी मारतो आणि स्पीडोमीटरचा काटा जागचा हलत नाही. मग जळका वास. आणि त्याच्या मुळाशी बऱ्याचदा एक सवय असते. कोणी गाडी चालवताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवतं, कोणी चढावर ब्रेक न लावता गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरतं. झिजलेल्या प्लेटकडे बघून मालक गाडी कशी चालवतो याचा तुम्हाला अंदाज येत असणार. हे लिहिलंत की लेखात माणूस येतो, आणि नुसती दुरुस्तीची माहिती मागे पडते.

आता परीक्षणाकडे येते, कारण मॅगझिनात शिरलात की ते आज ना उद्या लिहावंच लागेल. 'वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहते' हे वाक्य एकदा उघडून पाहू. गाडी वळणात शिरते तेव्हा आधी काय होतं? स्टेअरिंग फिरवल्याबरोबर नाक वळतं, की मधे क्षणभर काहीच घडत नाही? बॉडी किती कलते, आणि त्याहून महत्त्वाचं, कलते ती हळूहळू की एकदम? वळणाच्या मधोमध खड्डा लागला तर मागचा भाग उडून बाजूला सरकतो का? वेग जास्त झाला तर पुढचे टायर आधी हार मानतात की मागचे? मग ॲक्सिलरेटर थोडा सोडला तर नाक परत आत येतं का? ज्या क्रमानं हातापायांना कळलं त्याच क्रमानं लिहा. वाचक तुमच्याबरोबर त्या वळणातून जातो.

आणि मग कारण द्या, जे तुम्हाला देता येतं. मागच्या सस्पेन्शनमध्ये ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा, असेल तर एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यापर्यंत पोचतो. मल्टिलिंक, म्हणजे प्रत्येक चाकाला वेगळे दांडे, असेल तर ती चाकं बरीचशी आपापली वागतात. बहुतेक नवखे लेखक हे माहितीपत्रकातून उचलतात. तुम्ही हे सुटे भाग हातानं बसवले आहेत. ज्यानं झिजलेला शॉकॲब्सॉर्बर काढून नवा घातलाय आणि नंतर तीच गाडी त्याच स्पीडब्रेकरवरून नेलीय, त्याला 'गाडी आपटते' आणि 'गाडी उसळत राहते' यातला फरक शिकवावा लागत नाही. तोच फरक लिहा.

विशेषणांचं मी काय करायचे ते सांगते. मजकूर हातात आला की 'दमदार', 'आकर्षक', 'थरारक', 'लाजवाब' असे शब्द मी पेन्सिलीनं खोडायचे आणि उरलेलं वाक्य परत वाचायचे. काही उरलं तर लेखक कामाचा. तुमच्या परीक्षणात हे करून पाहिलं. तिसऱ्या पानावर एक वाक्य शिल्लक राहिलं: 'मागच्या सीटवर बसलं की मांड्यांना आधार मिळत नाही, अर्ध्या तासात पाय अवघडतात.' हे उत्तम आहे. सीटची बैठक आखूड आहे किंवा फार खाली आहे, हे तुमच्या पायांनी ओळखलं आणि तुम्ही ते सरळ लिहिलंत. असंच लिहा.

आकड्यांबद्दल थोडं, कारण आमच्या वाचकाचा विश्वास तिथं ठरतो. टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) आणि पॉवर हे दोन वेगळे गुण असल्यासारखं तुम्ही लिहिलंय, आणि ही चूक फार जण करतात. पॉवर टॉर्कवरूनच निघते. न्यूटन मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९,५४९, उत्तर किलोवॅटमध्ये. एका इंजिनचा टॉर्क १,७५० आरपीएमला २५० न्यूटन मीटर असेल तर त्या क्षणी ते सुमारे ४६ किलोवॅट देतं. दुसरं इंजिन ६,००० आरपीएमला १५० न्यूटन मीटर देऊन ९४ किलोवॅटपर्यंत जातं, पण १,७५० ला त्याच्याकडे १२० च असतील तर तिथं फक्त २२ किलोवॅट. आता ओव्हरटेक करताना पहिली गाडी गिअर न बदलता का निघते आणि दुसरीत आधी दोन गिअर खाली का यावं लागतं, हे वाचकाला सांगता येईल.

आणि ० ते १०० ची वेळ लिहिलीत तर ती कशी मोजली तेही लिहा. गाडीत किती जण होते, वारा आणि उतार यांचा परिणाम काढायला दोन्ही दिशांना धावून सरासरी घेतली का. अमेरिकन मॅगझिनं ड्रॅग शर्यतीच्या (सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीच्या) परंपरेमुळे पहिला १ फूट घड्याळात धरत नाहीत, त्यानं आकडा सुमारे ०.३ सेकंदानं कमी दिसतो. ज्याला हे ठाऊक नसतं तो दोन मॅगझिनांचे आकडे शेजारी ठेवून चुकीचा निष्कर्ष काढतो. मोबाइलवर मोजलेली वेळ तर छापायला देऊच नका.

आता अर्ज. नोकरीचा अर्ज तूर्त बाजूला ठेवा आणि एक लेख विका. अनोळखी माणसाला नोकरी देताना संपादक दहादा विचार करतो, पण अनोळखी माणसाचा चांगला लेख घ्यायला त्याला फार विचार करावा लागत नाही. तुम्हाला ज्या मॅगझिनात जायचंय त्याचे मागचे ६ अंक घ्या आणि प्रत्येक लेखाखालचं नाव बघा. कुठली पानं कायमची माणसं लिहितात आणि कुठल्या पानांवर बाहेरची नावं येतात, हे एका संध्याकाळी कळेल. नव्या गाड्यांची पहिली परीक्षणं घरची माणसं लिहितात, ती तुम्हाला मिळणार नाहीत, आणि तुमचे चारही अर्ज नेमके तिथंच जाऊन थडकले. जागा असते ती सुरुवातीच्या छोट्या मजकुरात, तांत्रिक खुलाशांत, जुन्या गाडीच्या मालकांच्या गोष्टींत, वापरलेली गाडी घेताना काय बघावं अशा पानांवर. वापरलेल्या गाड्यांचं पान तर तुमच्यासाठीच आहे असं समजा.

पत्र त्या विभागाच्या संपादकाला नावानं लिहा, 'मा. संपादक महोदय' असं कोणालाही नको. सहा-सात ओळी पुरतात: लेखाचा मथळा, त्यात काय असेल, हे तुम्हीच का लिहू शकता, फोटो काय देता येतील, किती शब्द, कधी मिळेल. 'मी सर्व्हिस ॲडव्हायझर आहे, गेल्या ६ महिन्यांत हातून गेलेल्या गाड्यांच्या क्लच प्लेटवरून मालकांच्या चालवण्याच्या सवयींबद्दल ९०० शब्द लिहितो' हे वाचून मी असते तर त्याच दिवशी उत्तर दिलं असतं. दोन आठवडे वाट पाहा, मग एकदाच आठवण करा. तरी काही आलं नाही तर तोच विषय दुसरीकडे न्या. एकाच वेळी दोघांना मात्र पाठवू नका. दोघांनी छापलं तर दोन्ही दारं बंद होतात.

एक गोष्ट काळजीनं सांगते. गाडी गिऱ्हाईकाची आहे आणि जॉबकार्ड तुमच्या मालकाचं. नंबर प्लेट, नाव, फोन, कागदपत्रं यातलं काहीही तुमच्या वहीतून बाहेर येता कामा नये. फोटो काढायचा तर मालकाला विचारून. तुमच्या सर्व्हिस सेंटरलाही आधी सांगा की तुम्ही लिहिणार आहात. मागाहून कळलं तर नोकरी आणि नाव दोन्ही जाईल. संपादकाला पहिल्याच पत्रात कळवा की तुम्ही अमुक कंपनीच्या गाड्यांवर काम करता, आणि नोकरी आहे तोवर त्या कंपनीची स्तुतीही लिहू नका आणि निंदाही.

आणखी एक दार आहे, ज्याकडे कोणी बघत नाही. मी त्यातूनच आत आले. मॅगझिनात मजकूर तपासणारं, आकड्यांचे तक्ते भरणारं, फोटोओळी लिहिणारं कोणी तरी सतत हवं असतं. माझी पहिली दोन वर्षं तक्ते तपासण्यात गेली. त्यातच एकदा माझ्या हातून एका गाडीचं वजन १,२४० किलोऐवजी १,४२० छापलं गेलं. एका वाचकानं पॉवर आणि वजनाचा भागाकार करून पाठवला आणि विचारलं, एवढ्या जड गाडीची ० ते १०० ची वेळ इतकी चांगली कशी? मी त्या रात्री झोपले नाही. त्यानंतर कुठलाही आकडा दोन ठिकाणी ताडून पाहिल्याशिवाय मी पुढे जाऊ दिला नाही, आणि मला लिहायला मिळालं ते याच सवयीमुळे, असं माझ्या तेव्हाच्या संपादकांनी नंतर सांगितलं. तुम्ही शेवटच्या पानावरचे बारीक आकडे वाचता असं लिहिलंय. तुमच्या पत्रात मला सगळ्यात आशादायक वाटलेल्या गोष्टींपैकी ती एक आहे. अशी जागा निघाली तर कमीपणा मानू नका.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: कंपनीनं तुम्हाला लाँचला नेलं, राहण्याचा-प्रवासाचा खर्च केला, आणि गाडी वाईट निघाली. काय लिहाल? याचं उत्तर पाठ करून जाऊ नका, आधी स्वतःशी ठरवून जा. या धंद्यात मोह कसा येतो ते बघा. १९६४ मध्ये 'कार अँड ड्रायव्हर' या अमेरिकन मॅगझिननं अमेरिकेची पॉन्टिअॅक जीटीओ आणि इटलीची फेरारी जीटीओ अशी तुलना मुखपृष्ठावर छापली आणि ती प्रचंड गाजली. पॉन्टिअॅकचे आकडे थक्क करणारे होते. बऱ्याच वर्षांनी कबुली आली की चाचणीला दिलेल्या गाडीत ३८९ घनइंचाऐवजी ४२१ घनइंचाचं इंजिन होतं. म्हणून तुमच्यासारखा बोनेट उघडून बघणारा माणूस चाचणीच्या वेळी हवा.

आणि याची दुसरी बाजू १९९७ ची. स्वीडनच्या 'टेक्निकेन्स व्हॅल्ड' या मॅगझिननं नव्याकोऱ्या मर्सिडीज ए-क्लासची अचानक अडथळा चुकवण्याची चाचणी घेतली, रस्त्यात हरीण आलं तर चालक जसं स्टेअरिंग झटकेल तशी. गाडी उलटली. एवढ्या मोठ्या कंपनीविरुद्ध एक छोटं मॅगझिन उभं होतं. कंपनीनं आधी चाचणीवरच शंका घेतली, पण शेवटी गाड्यांची विक्री थांबवून सस्पेन्शन सुधारलं आणि घसरण आवरणारी ईएसपी यंत्रणा त्या मॉडेलमध्ये सरसकट बसवली. इतक्या लहान गाडीत ती सरसकट देण्याची तेव्हा पद्धत नव्हती. आपल्या कामानं रस्त्यावरचे जीव वाचू शकतात, असं मी नव्या मुलांना सांगायचे तेव्हा हीच चाचणी माझ्या मनात असायची.

किंमतही मोजावी लागते. 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या डॅन नील यांना २००४ मध्ये गाड्यांच्या परीक्षणांसाठी समीक्षेचं पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सनं त्या दैनिकाच्या मजकुरावर नाराज होऊन आपल्या जाहिराती काही काळ काढून घेतल्या. लहान मॅगझिनाला असा फटका झेपत नाही, आणि संपादक तुम्हाला कधीतरी वाक्य मऊ करायला सांगेल. शब्द मऊ करायला हरकत नाही. पण ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबत असेल तर किती मीटरला थांबली तो आकडा तसाच राहू द्या, त्यासाठी भांडा. आणि लाँचला गेलात की समारंभात अडकू नका, गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरपाशी जा. तुमचे प्रश्न ऐकून तो खुलेल, कारण एखादा भाग बदलायला इंजिन का उतरवावं लागतं, असं त्याला तिथं दुसरं कोणी विचारणार नाही. अशा गप्पांतून काय होऊ शकतं पाहा. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन पत्रकारानं १९७९ मध्ये माझ्दा या जपानी कंपनीच्या केनिची यामामोतोंना साधी, हलकी, उघडी स्पोर्ट्स कार करा असं सुचवलं. ते पुढे माझ्दातच कामाला गेले, आणि १९८९ मध्ये माझ्दाची तशीच गाडी, एमएक्स-५, आली.

बाकी नोकरीचं चित्र थोडक्यात. फोटोला चांगला उजेड हवा म्हणून पहाटे चारला उठायचं, अलॉय व्हील फडक्यानं पुसायचे, फोटोग्राफरच्या गाडीमागे ठरलेलं अंतर राखून तासभर एकसारख्या वेगानं चालवायचं. तिथं वेगवान चालकापेक्षा शांत चालकाची गरज असते. लायसन्सवर गुन्हे नकोत. पगार फार मोठा नसतो, तुमच्या आत्ताच्या पगारापेक्षा सुरुवातीला कमीही असू शकतो. व्हिडिओवर बोलावं लागतं, ते जमतं. लिहिणं नीट असलं की बोलणंही नीट होतं.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण तिथं जागा मोकळी आहे. त्या वेग कमी करताना बहुतेक काम मोटरकडून करून घेतात, ब्रेक कमी वापरला जातो, म्हणून पॅड टिकतात पण डिस्कवर गंज चढतो. वजन आणि सुरुवातीचा टॉर्क जास्त, म्हणून टायरला त्रास. कामगिरीचे आकडे सगळ्याच मॅगझिनांत येतात. पाच वर्षांनी त्या गाडीची चाकं काढल्यावर काय दिसतं, ते अजून फार थोड्यांनी लिहिलंय.

राहिला कोर्सचा प्रश्न. नोकरी सोडू नका. आज तुमच्याकडे जे आहे ते सर्व्हिस सेंटरमधून येतंय. ते सोडून वर्गात बसलात तर वही कोरी राहील. मी ज्यांना कामावर घेतलं त्यांची पदवी कुठली, हे मला आता आठवतही नाही, पण त्यांचे पहिले लेख आठवतात. शिकायचंच असेल तर नोकरी सांभाळून मुद्रितशोधन शिका, आणि साध्या कॅमेऱ्यानं सुटे भाग स्पष्ट कसे टिपायचे ते शिका. झिजलेली प्लेट आणि नवी प्लेट शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात काढलेला एक फोटो लेखाचं निम्मं काम करतो.

येत्या रविवारी क्लचचा लेख लिहायला बसा. ९०० शब्द. सुरुवात चढावरून करा, मालकाचं वाक्य जसंच्या तसं येऊ द्या, चित्ता कुठंही दिसता कामा नये. झाला की आधी मला पाठवा, मी खुणा करून परत पाठवीन, मग तो संपादकाकडे जाईल. आणि शेवटी एक गोष्ट नक्की लिहा. नवा क्लच टाकून तुम्ही गाडी परत दिलीत, मालक तिला घेऊन त्याच चढावर गेला असेल. दुसऱ्या दिवशी तो काय म्हणाला?